आबांचे वीस आकडे

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत ब्रेलचा छापखाना होता. या शेजारावरचा पहिला विनोद छापखान्यातल्या मास्तरांनीच करून टाकला होता, त्यामुळे बाकीच्यांना तो करायची चोरी राहिली नव्हती. "पुढच्याला ज्यांचं काही करता येत नाही," मास्तर म्हणायचे, "त्यांना तो मागच्या दाराने आमच्याकडे ढकलतो." मास्तर जन्मापासून आंधळे. अंध मुलांच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि आता इथे छापलेली पानं बोटांनी तपासणारे. त्यांच्या बोटाखालून चुकीचं टिंब सुटत नसे आणि तोंडून टोमणा सुटल्याशिवाय राहत नसे.

छापखाना वहिनींचा. खरं म्हणजे त्या वहिनी एकट्या दिराच्या. पण दिराचा आवाज मोठा, त्यामुळे मास्तर, चष्मेवाला, कागदवाला, शाळेतला कारकून, सगळ्यांच्याच त्या वहिनी होऊन बसल्या. नवरा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर आणि उरलेले दहा दिवस झोपेत. घरात राहिले सासरे, म्हणजे आबा, आणि ते घरात न राहता रोज सकाळी सुनेबरोबर छापखान्यात येत.

वहिनींना एक खोड होती. त्या माणसांचा हिशेब ठेवत. कोण किती वेळा "बघतो" म्हणालं आणि त्यातलं किती वेळा खरंच बघितलं, कोण "पाच मिनिटांत येतो" म्हणून किती वाजता उगवलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात तारीखवार लावलेलं असे. दिराच्या खात्यावर एकतीस "बघतो" जमा होते आणि बघितलेले चार. मास्तरांचं खातं साफ. आबांचं खातं त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. सासऱ्यांचं खातं उघडलं की मिटवता येत नाही, एवढं शहाणपण त्यांच्याजवळ होतं.

स्वतःच्या खात्यावर मात्र एक बाकी होती, आणि ती त्यांना वर्षभर बोचत होती.

मागच्या वर्षी ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रिंटरची सुई मोडली आणि अंध शाळेचा भूमितीचा पेपर छापून गेलाच नाही. मग मुलांना पेपर वाचून दाखवला. भूमिती वाचून दाखवणं म्हणजे जेवण वर्णन करून पोट भरणं. गणितात पहिली येणारी एक मुलगी त्या वर्षी पाचवी आली. वहिनी माफी मागायला गेल्या, तर तिने तक्रार म्हणून काही केली नाही. एवढंच म्हणाली, "मी डोक्यात त्रिकोण काढला, त्यात वर्तुळ बसवलं. तोवर वाचणाऱ्या बाई पुढच्या प्रश्नावर गेल्या. त्यांनी परत वाचलं, पण त्यांना कंटाळा आला होता, तो ऐकू येत होता."

"पुढच्या वर्षी आकृती तुझ्या बोटाखाली असेल," वहिनी म्हणाल्या होत्या. "माझा शब्द."

"बरं," मुलगी म्हणाली. "तारीख कळली की आठवण करते."

आठवण तिने केली होती, दोनदा. परीक्षा उद्या सकाळी नऊला. शाळेचं ऑफिस आज पाचला बंद. पेपर पाचच्या आत पाकिटात सीलबंद होऊन पोचला तर पोचला.

तयारी सगळी झाली होती. आकृत्या बसवून पेपर दोन दिवसांपूर्वीच तयार होता. अडलं होतं फक्त जाड कागदासाठी. तो आज सकाळी नऊला आला. अकरा मुलं, प्रत्येकी नऊ पानं, म्हणजे नव्व्याण्णव पानं. पाऊण मिनिटाला एक पान. सव्वा तासाचं काम, आणि हातात सात तास. वहिनींनी हा हिशेब मांडला तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुकही वाटलं. तिथेच चुकलं.

छापखान्यातला कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला, जुना. त्यावर दिराने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. "फुकट आहे, व्हायरस लागत नाही आणि म्हाताऱ्या मशीनलाही पळवतं," असं तो म्हणाला होता, आणि तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पण ब्रेलमध्ये आकृत्या काढणारा प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालायचा नाही, आणि तो बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळलेला. मग दिराने लिनक्सच्या पोटात आणखी एक खोटा कॉम्प्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. एका चौकटीत जुनी विंडोज चालते आणि तिला वाटतं, सगळं घर आपलंच. छापखान्यात त्याचं नाव पडलं पोटभाडेकरू. पोटभाडेकरू उठला की आकृत्यांचा प्रोग्रॅम उठायचा, आणि त्याने हुकूम सोडला की कोपऱ्यातला प्रिंटर जाड कागदावर टकाटका टिंबं ठोकायला लागायचा. प्रिंटरचं नाव सुतारपक्षी.

सकाळी दहाला वहिनींनी पोटभाडेकरूला हाक मारली. तो उठला नाही. एक लाल चौकट आली आणि तिने सांगितलं की कर्नलमध्ये आवश्यक तो ड्रायव्हर नाही, सबब सुरू करता येत नाही.

वहिनींनी चौकट बंद केली आणि परत हाक मारली. परत तीच चौकट. सहाव्यांदा त्यांनी चौकटीला उद्देशून एक शब्द वापरला, जो आतल्या खोलीत मास्तरांना ऐकू गेला.

"वहिनी, शाळेचा पेपर आहे," मास्तर आतून म्हणाले. "भाषा जपा."

"आबा, एकदा बंद करून चालू करते हं," वहिनी म्हणाल्या.

आबा खुर्चीतून उठले. कॉम्प्युटर बंद करून चालू करणं हा छापखान्यात एकटीने उरकायचा कार्यक्रम नव्हता. आबा निवृत्त वायरमन. भिंतीवरच्या स्विचबोर्डावर त्यांची मालकी होती, आणि बोर्डाच्या वर त्यांनी लाल रंगात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: आधी डबा, मग वीस, मग पडदा. म्हणजे आधी कॉम्प्युटरचा डबा चालू करायचा, वीस आकडे सावकाश मोजायचे, आणि मगच मॉनिटरचं बटण दाबायचं. का, तर पाच वर्षांपूर्वी सुरू होताना झटका बसून एक मॉनिटर जळाला होता. तो जळला आबांनीच जोड दिलेल्या वायरीमुळे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोललं नव्हतं. नियम झाल्यामुळे दोष विजेकडे गेला आणि आबा नियमाकडे राहिले. सगळ्यांचीच सोय झाली.

आबांनी पडदा बंद केला. वहिनींनी डबा बंद करून चालू केला. आबा खड्या आवाजात मोजू लागले. "एक... दोन... तीन..." आबांचं मोजणं म्हणजे घड्याळ, एक आकडा मागे नाही, पुढे नाही. "सहा... सात..." आणि नेहमीसारखा डबा गुरगुरला. वीस झाल्यावर त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला. पोटभाडेकरू उठला नाही.

मग वहिनींनी दिराला फोन लावला.

"वहिनी, मीटिंगमध्ये आहे. काय दिसतंय?"

"एक लाल चौकट दिसतेय आणि तुझं भविष्य दिसतंय."

"वाचा चौकट." त्यांनी वाचली. "हां. अपग्रेड झालंय. कोणी केलं?"

"झालं."

"वहिनी, ते आपोआप होत नाही."

"झालं म्हटलं ना."

वस्तुस्थिती अशी होती की मशीन सलग एकोणीस दिवस विचारत होतं, नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? एकोणीस वेळा वहिनींनी "नंतर" दाबलं. विसाव्या दिवशी, म्हणजे काल संध्याकाळी, त्यांच्या मनात आलं की आपलं खातं दिरासारखं व्हायला लागलं, आणि त्यांनी "हो" दाबलं.

"ठीक आहे, घाबरू नका," दीर म्हणाला. "सुरू होताना यादी येते, त्यातून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा जुना गाभा, निवडा. जुन्यावर सगळं चालेल."

वहिनींनी कीबोर्डवरची धूळ पुसली.

"जुना आहे ना?"

"निघाला."

"निघाला म्हणजे?"

म्हणजे असं की अपग्रेड झाल्यावर मशीनने नम्रपणे विचारलं होतं, जुनं आता लागणार नाही, काढून टाकू का? आणि ज्या बाईच्या स्वयंपाकघरात रिकामी बाटली दुसरा दिवस बघत नाही, तिला असला प्रश्न विचारायचा नसतो.

दीर मीटिंगमधून बाहेर आला. एवढी तरी माणुसकी त्याच्यात होती, आणि वहिनींनी ती नोंदवली. मग त्याने ड्रायव्हर नव्याने बांधायचे हुकूम एकेक करून सांगायला सुरुवात केली आणि वहिनी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ते टाइप करू लागल्या.

"आता उणे. दोनदा उणे, मधे जागा नाही."

"दोनदा उणे म्हणजे अधिक," मास्तर आतून म्हणाले.

"मास्तर, तुम्ही पानं तपासा!"

"कुठली? छापली कुठे आहेत?"

साडेअकराला ड्रायव्हर बांधून झाला आणि लिनक्सने तो घेतला नाही. दिराने चौकट परत वाचून घेतली आणि एक मोठा श्वास सोडला.

"आता कळलं. ऐका वहिनी. घराला नवा मालक आलाय, म्हणजे नवा कर्नल, आणि दारावर एक पहारेकरी आहे. ज्याच्या कागदावर ओळखीची सही नाही, त्याला तो आत सोडत नाही. आपण पोटभाडेकरूचा कागद नवा केला, त्यावर आपली सही ठोकली, पण ती सही पहारेकऱ्याच्या वहीत चढलेली नाही."

"मग पहारेकऱ्यालाच घालव."

"त्याचं कुलूप त्या जुन्या ऑफिसवाल्यांनी लावलंय. पासवर्ड त्यांच्याकडे."

"आणि ते ऑफिस बंद."

"म्हणूनच तर कॉम्प्युटर मिळाला. आता सही चढवायची. एक पासवर्ड ठरवा, निदान आठ अक्षरांचा. मग मशीन परत सुरू करा. सुरू होताना निळा पडदा येईल आणि विचारेल, ही सही चढवू का? हो म्हणा, तोच पासवर्ड द्या, संपलं. मी आत जाऊ?"

"जा," वहिनी म्हणाल्या. पासवर्ड ठरवला, वहीत लिहिला. "आबा!"

आबांनी पडदा बंद केला. एक ते वीस मोजलं. पडदा चालू केला. समोर रोजचं चित्र, रोजच्या खुणा. निळं काही नाही. पोटभाडेकरू उठला नाही.

दिराला फोन. तो उचलेपर्यंत बारा वाजले. "दिसला निळा?"

"नाही."

"आला असणार."

"नाही आला."

"नीट बघितलंत का?"

"मला दोन डोळे आहेत."

"चष्मा पुढे मिळतो," मास्तर म्हणाले.

"मग सही मागितलीच गेली नसेल. परत पहिल्यापासून करा. पासवर्ड नवा." 

परत पहिल्यापासून. पासवर्ड नवा. आबा, पडदा, वीस. निळं काही नाही. दीर म्हणाला, "अशक्य आहे." वहिनी म्हणाल्या, "अशक्य माझ्यासमोर बसलंय." दीर म्हणाला, "तुम्ही हुकूम चुकीचा टाइप करता." वहिनींनी हुकूम अक्षर अक्षर वाचून दाखवला. हुकूम बरोबर होता. दीर म्हणाला, "मग मशीनच खराब असेल." वहिनी म्हणाल्या, "मशीन आणलं कोणी?"

एक वाजता शाळेच्या कारकुनाचा फोन आला. "वहिनी, पाकीट कधी येतंय?"

"येतंय."

"नाही, म्हणजे टेन्शन घेऊ नका. नसेल जमत तर वाचून दाखवू. त्या पर्यवेक्षक बाई आहेतच. मागच्या वर्षी झालंच की."

"काय झालं मागच्या वर्षी?"

"झालं की. परीक्षा."

वहिनींनी फोन ठेवला. चांगल्या माणसाने समजूत घालून केलेलं नुकसान भांडूनही भरून येत नाही. दुर्जनाशी निदान भांडता तरी येतं. त्यांना वाचणाऱ्या बाईंचा कंटाळा ऐकू आला, अजून उद्या उजाडायचा असताना.

जेवणाचे डबे तसेच बंद राहिले. दीड वाजता वहिनींनी काळ्या खिडकीत तिसऱ्यांदा तोच हुकूम टाइप केला. मशीनने पासवर्ड मागितला. आठ अक्षरं. त्यांनी रागाच्या भरात दिराबद्दल मनात असलेला शब्द टाइप केला. तो बरोबर आठ अक्षरांचा निघाला, तेव्हा त्यांना दिवसभरातलं पहिलं समाधान मिळालं. तो त्यांनी वहीत लिहिला नाही. विसरण्यासारखा नव्हता.

आबा उठले. पडदा बंद. एक ते वीस. पडदा चालू. रोजचं चित्र.

वहिनी खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रडण्याचं नव्हतं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं की येतं, तसलं होतं. तीनदा बिनचूक केलेलं काम तीनदा फुकट गेलं. चूक केली असती तर निदान ती सापडली असती. दिराचा फोन लागेना. आबा स्विचबोर्डापाशी हात मागे बांधून उभे होते, जणू ड्युटी चोख बजावली, आता पुढचं सरकार बघेल.

"आबा, बसा ना जरा."

"मी उभा आहे तो तुझ्यासाठीच."

"तेच म्हणते, बसा."

आतल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. त्यांना काही बोलायचं होतं, आणि टोमणा नव्हता, म्हणून आधी घसा खाकरावा लागला.

"आबा, एक विचारू? तुमचे आकडे मी पाच वर्षं ऐकतोय. आत बसून दुसरं काय करणार. तुमच्या सातव्या आकड्याला डबा गुरगुरतो. रोज सातला."

"गुरगुरतोच. पंखा जोरात फिरतो."

"आज सकाळी पहिल्यांदा बंद करून चालू केलात, तेव्हाही सातलाच गुरगुरला. मग वहिनींचं फोनवर ते सहीचं सुरू झालं. त्यानंतर तुम्ही तीनदा मोजलंत. तिन्ही वेळा तो सतराला गुरगुरला."

"सतराला?" आबा म्हणाले.

"सतरा. मी गणिताचा मास्तर आहे आबा, दहाची वजाबाकी मला येते. सात आणि सतराच्या मधे डबा दहा आकडे गप्प बसून काय करतो? कोणाची तरी वाट बघत असणार."

वहिनी खुर्चीतून उठल्या. त्यांनी आधी डब्याकडे बघितलं, मग बंद-चालू होणाऱ्या पडद्याच्या बटणाकडे, मग भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे, आणि शेवटी आबांकडे. आबांना ते बघणं कळलं. माणूस नियमाच्या मागे पाच वर्षं उभा राहिला की नियमाला लागलेला धक्का त्यालाच लागतो.

"म्हणजे तो निळा येऊन गेला," वहिनी म्हणाल्या. "तीनदा येऊन गेला. पडदा काळा असताना."

त्याच वेळी दिराचा फोन आला. "वहिनी, मीटिंग झाली. आता सांगा."

"तो निळा पडदा किती वेळ थांबतो?"

"दहा सेकंद. तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो आणि सही रद्द होते. का?"

"हे तू आत्ता सांगतोस?"

"अहो, समोर दिसतं ना! उलटे आकडे पडतात, दहा, नऊ, आठ... कोण पडदा बंद ठेवून कॉम्प्युटर सुरू करतं?"

मास्तरांनी टोमणा ओठांवरून परत नेला. त्यांना ते जड गेलं असणार.

"आबा," वहिनी सावकाश म्हणाल्या, "या वेळी पडदा चालू ठेवायचा."

"झटका बसेल."

"बसू दे."

"जळेल. एकदा जळालाय."

वहिनींच्या जिभेच्या टोकावर ती वायर आली होती. पाच वर्षं न उघडलेलं खातं, आणि उघडायला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. घड्याळात सव्वादोन वाजले होते. मग त्यांना वाटलं, वायरीचं बोलले तर आबा भांडतील, रुसतील, जेवणार नाहीत, आणि त्यात अर्धा तास जाईल. अर्धा तास म्हणजे चाळीस पानं. त्यांनी वायर गिळली.

"जळला तर जळला, आबा. पण तो निळा दहा आकडेच थांबतो, आणि मला एकटीला घड्याळ बघत बटण दाबता येणार नाही. तुम्ही मोजा. तुमच्यासारखं मोजायला कोणाला येतं?"

आबांनी बोर्डावरचा हात काढला. लगेच नाही काढला. आधी एकेक स्विचवरून फिरवला, जशी निरोपाची तपासणी.

चौथ्यांदा हुकूम. पासवर्ड मागितला तेव्हा वहिनींनी तोच आठ अक्षरी शब्द घातला. नवा शोधायची गरज नव्हती, भावना तीच होती. डबा बंद. डबा चालू. पडदा उघडा. आबा मोजू लागले. "एक... दोन... तीन... चार... पाच... सहा..."

सातव्या आकड्याला पडदा निळा झाला. झटका बसला नाही. मधोमध पांढरे आकडे उलटे उतरू लागले, आणि वहिनींनी पूर्ण तळहात कीबोर्डवर आपटला.

आकडे थांबले. यादी आली. सही चढवायची? हो. नक्की? हो. पासवर्ड?

"कुठला पासवर्ड ठेवलाय वहिनी?" दिराने फोनवर विचारलं. "मोठ्याने म्हणत टाइप करा, तिथे अक्षरं दिसत नाहीत, चुकेल."

"चुकणार नाही."

"अहो सांगा तर. मी लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लागेल."

"तुझ्याशी संबंधित आहे. लक्षात राहील माझ्या."

अडीच वाजता पोटभाडेकरू उठला. इतका शांतपणे उठला, की जणू काही घडलंच नव्हतं, आणि त्याच्या दृष्टीने खरंच नव्हतं. जुनी विंडोज आपल्या चौकटीत बसून सगळं घर आपलंच समजत होती. मग सुतारपक्षी वहिनींना ओळखायला तयार होईना, कारण नव्या मालकाने त्याची जोडणीही विसरून टाकली होती. त्यात पाऊण तास गेला आणि वहिनींचं उरलंसुरलं रक्त आटलं. तीन वाजून वीस मिनिटांनी कोपऱ्यात पहिलं टिंब ठोकलं गेलं. टक. मग टकाटका.

पहिली प्रत मास्तरांच्या बोटाखाली गेली. पानं येत होती, आबा ती मोजून नऊ-नऊचे गठ्ठे लावत होते आणि मोठ्याने मोजत होते, कारण त्यांना तसंच मोजता येत असे. चौथ्या पानावर मास्तर थांबले.

"वहिनी. तिसऱ्या आकृतीत वर्तुळ त्रिकोणाच्या डाव्या बाजूला टेकत नाहीये. एक टिंब कमी आहे."

"एका टिंबाने काय होतंय मास्तर? तीन गठ्ठे निघालेत!"

"दिसणाऱ्याला काही होत नाही. बोट त्या फटीतून बाहेर जातं."

वहिनींनी मशीन थांबवलं. टिंब भरलं. निघालेल्या तिन्ही प्रतींतलं चौथं पान फाडून परत छापलं. नव्व्याण्णवावर तीन पानं जास्त, आणखी सव्वादोन मिनिटं, शिवाय दुरुस्तीची दहा. त्यांनी हे मास्तरांच्या नावावर मांडायला घेतलं, पण कुठल्या बाजूला मांडावं हे ठरेना, म्हणून सोडून दिलं.

पाचला सात मिनिटं कमी असताना त्या शाळेच्या ऑफिसात पोचल्या. केस विस्कटलेले, सकाळपासून पोटात काही नाही, हातात सीलबंद पाकीट. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, "बघा, उगाच टेन्शन घेतलंत. झालंच की."

वहिनी बाहेर आल्या. व्हरांड्यात, ऑफिसच्या दाराजवळच्या बाकावर ती मुलगी बसली होती. चपलांचा आवाज ओळखून उठली.

"वहिनी? आणलंत?"

"आत दिलं. तुला आधी हात लावता यायचा नाही, माहीत आहे ना?"

"आतलं नको. पाकीट बाहेरून."

कारकून पाकीट कपाटात ठेवायला निघालाच होता. त्याला वाटलं, नियमात बसत नाही; मग वाटलं, बाहेरून पाकीट चाचपायला नियम कुठे आहे. त्याने दाराशी येऊन ते दोन्ही हातांत आडवं धरलं. मुलीने अंगठा आणि बोटांच्या मधे कडा धरली आणि एकदा हळूच दाबली.

"जाड आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी पाकीटच नव्हतं." मग पुन्हा एकदा कडा चाचपून, "आकृत्या किती?"

"ते सांगता यायचं नाही."

"बरं." तिने हात काढून घेतला. "उशीर का झाला?"

वहिनींनी विचार केला. पहारेकरी, सही, निळा पडदा, दहा आकडे, वायर. सांगायला बसलं तर परीक्षा उजाडली असती.

"आम्ही वीसपर्यंत मोजत बसलो होतो," त्या म्हणाल्या.

छापखान्यात परत आल्या तेव्हा मास्तर घरी गेले होते. आबा स्टुलावर चढून भिंतीवर लिहीत होते. रंगाचा डबा त्यांनी चष्मेवाल्याकडून मागून आणला होता. जुनी ओळ त्यांनी पुसली नव्हती. तिच्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, नवी ओळ होती: अपग्रेडनंतर आधी पडदा. वीस तरीही मोजावेत.

"ओला आहे, हात लावू नकोस," आबा न वळता म्हणाले. "आणि उद्या ती बोर्डामागची वायर बदलून टाकतो म्हणतो. जुनी झालीय. जोड बरोबर नाही तिथला."

वहिनींनी स्टूल धरलं. फोन वाजत होता. दिराचा होता, पुढच्या अपग्रेडचं काहीतरी सांगायचं असणार. त्यांनी "नंतर" दाबलं.